यात तुमचं काय?

काळ्या रेक्झिनची ती भलीमोठी पिशवी घेऊन लोकलमध्ये चढणं हा एक स्वतंत्र व्यायाम होता. हाफ इम्पिरिअल कागद पंधरा बाय बावीस इंचांचा. तो माऊंट बोर्डावर चिकटवून चारी बाजूंनी समास सोडला, की पिशवी माझ्या कमरेला लागायची. लेडीज डब्यातल्या बायका आधी पिशवीकडे बघायच्या, मग माझ्याकडे. 'अगं, वर टाक की ते दप्तर,' म्हणायच्या. वर ते मावायचं नाही, आणि आडवं धरलं तर दोघींची बसायची जागा जायची. 'पोर्टफोलिओ' हा शब्द आम्ही कमर्शियल आर्टची मुलं त्या पिशवीलाच वापरायचो. आत रबर सोल्युशननं चिकटवलेली दहा-बारा कामं, प्रत्येकावर बटर पेपरचा पडदा. पोस्टर कलरची एक खोड अशी, की तो वाळल्यावरही पाणी लागलं की परत ओघळायला तयार. एका जुलैत दादरच्या पुलावर पिशवीच्या कोपऱ्यातून पाणी शिरलं आणि कुटुंब नियोजनाच्या पोस्टरवरचं माझं गुटगुटीत बाळ मुलाखतीच्या टेबलावर निळंशार होऊन बाहेर आलं. नोकरी मिळाली नाही. बाळाचा त्यात किती हात होता, कोण जाणे.

त्यापेक्षा दुसरी एक मुलाखत मनात रुतून बसली आहे. १९८७ साल. एका छोट्या जाहिरात एजन्सीत दोन वर्षं काढून मी मोठ्या ठिकाणी निघाले होते. पिशवीतलं माझं हुकमी पान म्हणजे चहाचं एक पाकीट. त्यावर 'सकाळची तरतरी' अशी अक्षरं होती, आणि ती बघून कुणीही दोन घटका थांबायचं. समोरच्या आर्ट डायरेक्टरांनी बटर पेपर उचलला, पाकिटाकडे बघितलं आणि म्हणाले, 'हे काल संध्याकाळी इथं येऊन गेलं.' माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी आदल्या दिवशी हेच पाकीट घेऊन तिथं आला होता. 'मग यात तुमचं काय?' त्यांनी विचारलं. मी म्हटलं, 'हे मीच केलंय.' ते म्हणाले, 'तोही हेच म्हणाला.'

आम्ही दोघंही तसं खोटं बोललो नव्हतो. अक्षरं माझी होती. मांडणी आणि कोपऱ्यातलं चहाचं पान त्याचं होतं. रंग क्लायंटच्या बायकोनं साडीवरून निवडलेला होता. पण हे सगळं माऊंट बोर्डावर लिहायची पद्धतच नव्हती. काम बघा आणि काय ते समजून घ्या, असा एकूण मामला. समजून घेणाऱ्यानं त्या दिवशी दोघांनाही घेतलं नाही.

या पुस्तकाची लेखिका माझी एकेकाळची विद्यार्थिनी. तिनं प्रस्तावना मागितली तेव्हा मी म्हटलं, 'मला वेबसाइटमधलं ओ की ठो कळत नाही.' ती म्हणाली, 'मॅडम, म्हणूनच तुम्ही लिहा. ज्यांना कळतं ते सॉफ्टवेअरबद्दलच लिहितील.' आपली कामं इंटरनेटवर नीट मांडून ठेवायची कशी, कुठे आणि कशासाठी, हा या पुस्तकाचा विषय. वाचक म्हणून तिच्या डोळ्यांसमोर चित्रकार आहेत, तसेच छायाचित्रकार, अनुवादक, सुतार, भरतकाम करणाऱ्या बायका आणि एकटीनं आर्किटेक्टची प्रॅक्टिस चालवणाऱ्या मुलीही आहेत. 'कशी' आणि 'कुठे' हे तिनं चोख सांगितलं आहे, त्यात मी लुडबुड करत नाही. 'कशासाठी' याबद्दल मात्र मला चार गोष्टी बोलायच्या आहेत, कारण ते चहाचं पाकीट अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

आपल्याकडे काम करणाऱ्याचं नाव कामावर घालायची रीत फार थोड्या धंद्यांत आहे. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर चित्रकार दीनानाथ दलालांची सही असायची आणि ती बघून लोक अंक घ्यायचे. पण त्याच मुखपृष्ठावरचं अंकाचं नाव कुणाच्या हातचं, हे सहसा कुणी विचारलं नाही. विंडोजमध्ये मराठी टाइप करायला बसलं की जो टंक समोर येई, ज्यात आपल्या सरकारी कचेऱ्यांनी वर्षानुवर्षं पत्रं, परिपत्रकं आणि नोटिसा काढल्या, तो 'मंगल' र. कृ. जोशींचा. जोशी २००८मध्ये गेले. सुलेखनाच्या आणि टंकरचनेच्या जगात त्यांचं नाव आदरानं घेतात. पण मंगलमध्ये दिवसाला चाळीस पानं काढणाऱ्या क्लार्कला ते माहीत असायचं काही कारणच नाही. अक्षर जितकं बिनबोभाट काम करतं तितका त्याचा करणारा अदृश्य होतो. हा आमच्या धंद्याचा गुणही आहे आणि दुखणंही.

कमल शेडगे यांचं उदाहरण याच्या उलट. वर्तमानपत्राच्या नाटकांच्या पानावर त्यांची अक्षरं लांबून ओळखू यायची. नाटक ऐतिहासिक आहे की फार्स, हे शीर्षकाच्या वळणावरूनच कळायचं. पण नाटकाची जाहिरात म्हणजे आजची उद्या रद्दी. शेडग्यांनी काय केलं, तर आपली ही रद्दीत जाणारी अक्षरं सांभाळली आणि 'चित्राक्षरं', 'कमलाक्षरं' अशी पुस्तकं काढली. २०२०च्या जुलैत ते गेले तेव्हा ती कामं एका जागी बघायची सोय होती, ती त्यांनी स्वतः करून ठेवली होती म्हणून. पुस्तक काढायचं तर प्रकाशक लागतो, पैसा लागतो, आणि शेडगे असावं लागतं. बाकीच्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं काय झालं? माळ्यावर गेलं. मुलानं फ्लॅट बदलला तेव्हा भंगारवाल्याकडे गेलं.

ती माळ्याची सोय आता जवळजवळ फुकटात, जगात कुठूनही उघडता येईल अशा ठिकाणी झाली आहे. एवढ्यापुरतं मला इंटरनेटचं कौतुक आहे.

नोकरी मिळते, गिऱ्हाईक मिळतं, हे फायदे आहेतच. मी पुढं बरीच वर्षं टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि शेकडो पोर्टफोलिओ बघितले. बायोडेटात 'पाच वर्षांचा अनुभव' असं लिहिलेलं असतं. तो पाच वर्षांचा आहे की एकाच वर्षाचा पाच वेळा घेतलेला, हे कामं बघितल्याशिवाय समजत नाही. शिवाय आपल्याकडे एक जास्तीची अडचण असते. जिल्ह्याच्या कला महाविद्यालयातून आलेला मुलगा मुलाखतीत इंग्रजीला अडखळला की पुढचे प्रश्न आपोआप सोपे आणि छोटे होत जातात. मनातल्या मनात त्याला बाहेर काढलेलं असतं. मुलाखतीआधीच त्याची कामं कुणी बघून ठेवलेली असतील, तर तोच मुलगा खोलीत शिरतो तेव्हा लोक त्याचं ऐकायला बसलेले असतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण नोकरी हा या सगळ्याचा प्रसाद म्हणावा. पूजा वेगळीच आहे, आणि ती मला एका सुताराकडून कळली.

आमच्या कोथरूडच्या घराचं काम त्यांनी केलं. लेखिकेनं त्यांना त्यांचं पान करून दिलं आहे. सुताराच्या पानावर काय असतं, तर चकचकीत मॉड्युलर किचन आणि टीव्हीमागची भिंत. यांनी आपल्या फोनमधून निवडून दिलेले फोटो बघून लेखिका चक्रावली. एक फोटो ड्रॉवर उलटा करून त्याच्या तळाचा. एक कपाटाच्या पाठीचा, भिंतीला लावण्याआधीचा. एक सनमायका चिकटवण्यापूर्वीच्या प्लायचा, ज्यावर कंपनीचा शिक्का वाचता येतो. आणि एका ड्रॉवरच्या कोपऱ्याचा अगदी जवळून काढलेला, त्यात डव्हटेल जोड, मध्ये खिळा नाही. 'समोरून सगळ्यांची कपाटं सारखीच दिसतात,' असं त्यांचं म्हणणं. लेखिकेनं विचारलं, 'या जोडाच्या फोटोखाली काय लिहू?' त्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'लिहा, हा जोड माझा. खालचे दोन ड्रॉवर माझ्या भाच्यानं केले, त्यात चॅनेल आहे आणि स्क्रू आहेत. गिऱ्हाइकाला दिवस कमी होते.'

आर्ट डायरेक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर मला तीसेक वर्षांनी असं ऐकायला मिळालं.

म्हणून माझ्या मते पोर्टफोलिओची सगळी किंमत चित्राखालच्या दोन ओळींत आहे. काम कुणासाठी केलं, अडचण काय होती, त्यातला कुठला भाग माझा आणि कुठला दुसऱ्याचा. या दोन ओळी लिहायला बसलं की माणसाची भंबेरी उडते. अनुवादकानं पुस्तकाचं मुखपृष्ठ लावून मोकळं होणं सोपं असतं. मूळ वाक्यातला विनोद मराठीत कसा मरत होता आणि तो आपण कुठल्या वळणानं जिवंत ठेवला, हे लिहायचं तर आपण काय केलं ते आधी स्वतःला कळावं लागतं. मी विद्यार्थ्यांकडून हा सराव करून घ्यायचे. दहातल्या सहाजणांना आपल्याच कामाबद्दल 'छान झालंय' यापलीकडे काही लिहिता यायचं नाही. वर्षअखेरीस त्याच मुलांची कामं बदललेली असायची, कारण काम करतानाच खाली काय लिहायचं याचा विचार सुरू व्हायचा.

इथं एका बाबतीत माझं लेखिकेशी पटत नाही. तिचा सल्ला असा, की उत्तम, पूर्ण झालेली कामंच ठेवा, कच्चं काही दाखवू नका. मी म्हणते, कच्चंच आधी दाखवा. हल्ली चार शब्द टाइप केले की यंत्र हवं तसं चित्र काढून देतं, त्यामुळे नुसत्या देखण्या चित्रावरून करणाऱ्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. क्लायंटनं नाकारलेली तीन स्केचं, त्यावरचे पेन्सिलचे फराटे आणि चौथं का टिकलं याचं एक वाक्य, यावरून माणूस कळतो. तिला हे मी सांगितलं. ती म्हणाली, 'प्रस्तावनेत लिहा, पुस्तकात नको.' लिहिलं.

हक्कांवरचं प्रकरण मात्र कुणीही टाळू नये. आपण केलेलं काम आपलं, ही समजूत कायद्यापुढे बऱ्याचदा टिकत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाराच. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेला फोटो किंवा रंगवलेलं चित्र असेल, तरीही वेगळा करार नसेल तर पहिला हक्क ते काढायला सांगणाऱ्याचा. म्हणजे लग्नाचे फोटो नवरा-नवरीनं पैसे देऊन काढून घेतले, तर ते फोटोग्राफरनं आपल्या पानावर परस्पर चढवणं धोक्याचं. पुण्यातले माझ्या ओळखीचे एक फोटोग्राफर आता बुकिंगच्या कागदावरच एक ओळ घालतात: निवडक फोटो माझ्या कामाचा नमुना म्हणून दाखवायला आमची हरकत नाही. सही घेतात. ज्यांची हरकत असते ती जोडपी ओळ खोडतात, आणि विषय संपतो. त्याच कायद्याचं सत्तावन्नावं कलम आपल्या बाजूचं आहे. हक्क विकून टाकले तरी 'हे माझं काम आहे' असं म्हणायचा लेखकाचा, कलावंताचा अधिकार त्यानं वेगळा राखून ठेवला आहे. पण म्हणता येणं आणि कंपनीचं अजून बाजारात न आलेलं पाकीट जगाला दाखवणं यांत फरक आहे. विचारून घ्यावं. बहुतेक लोक 'हो' म्हणतात, असा माझा अनुभव. न विचारता दाखवलं की मात्र तेच लोक वकिलाची भाषा बोलू लागतात.

कुठे ठेवायचं, यावर लेखिकेनं बरीच पानं दिली आहेत. मी एकच गोष्ट सांगते. २००४मध्ये माझ्या भाच्यानं मला एक वेबसाइट करून दिली होती. फ्लॅशमध्ये. उघडली की तानपुरा वाजायचा, दिंडी दरवाजा करकरत उघडायचा आणि आतून माझी कामं एकेक करून तरंगत यायची. दरवाजा पूर्ण उघडेपर्यंत निम्मी माणसं निघून जायची, पण मला त्याचा अभिमान होता. २०२०च्या डिसेंबरअखेर अडोबीनं फ्लॅश बंद केलं. जानेवारीत साइट उघडली तर पांढरं पान. ना दरवाजा, ना तानपुरा. ज्यांनी नव्वदीत जिओसिटीजवर घरं बांधली त्यांची २००९मध्ये अशीच गत झाली, ऑर्कुटवाल्यांची २०१४मध्ये. बिहान्स आज डिझायनरांची पंढरी आहे, तीही २०१२पासून अडोबीच्याच ताब्यात आहे. भाड्याच्या घरात राहायला हरकत नाही; पण पत्ता आपला असावा, म्हणजे स्वतःच्या नावाचं डोमेन असावं. घर बदललं तरी पत्र त्याच पत्त्यावर येतं. त्याला वर्षाला लागणारा खर्च आम्ही तेव्हा माऊंट बोर्डावर करायचो त्याच्या आसपासचाच. डोमेन देवनागरीतही मिळतं. २०१४पासून '.भारत' आहे आणि त्यात मराठी आहे. व्हिजिटिंग कार्डावर ते इतकं सुरेख दिसतं, की मी घेऊन टाकलं. परदेशातल्या क्लायंटला ते टाइप करता येत नाही, म्हणून साधं '.इन'ही ठेवलं आहे.

इन्स्टाग्रामबद्दल मला तरुण मुलं नेहमी विचारतात, 'तिथं आहेच की सगळं, परत वेगळं कशाला?' तिथं लोक आपल्याला शोधून काढतात, हे खरं. पण तिथली मांडणी मुळात तारखेची असते. काल केलेला गणपती वर, आणि तीन वर्षांपूर्वीचं आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम खाली कुठंतरी, दोनशे फोटोंच्या तळाशी. दुकानाच्या दारात उभं राहून हाका मारणं वेगळं आणि आत गादीवर बसवून एकेक ठाण उलगडणं वेगळं.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक, जे मला चटके खाऊनच समजलं. मजकूर चित्रात भरू नका. चित्राखालच्या त्या दोन ओळी युनिकोडमध्ये, खऱ्या मजकुरात हव्यात. आम्ही डीटीपीच्या काळात श्रीलिपी आणि त्याच्यासारख्या टंकांत ढीगभर काम केलं. त्यातल्या फायली आज उघडल्या तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो, कारण त्या टंकांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठीचे तुकडे बसवलेले असायचे. टंक गेला की भाषाही गेली. युनिकोडमधली ओळ शोधली तर सापडते. ठाण्यात बसलेल्या माणसानं 'देवनागरी बोधचिन्ह' टाइप केलं तर सोलापूरच्या मुलीपर्यंत पोचायची शक्यता तरी निर्माण होते. आणि छपाईची फाइल जशीच्या तशी चढवू नका, हेही सांगून ठेवते. एथ्री सोडाच, एफोर कागद ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा होतो. बघणारा रिक्षात बसून फोनवर बघतोय. शिवाय छपाईचे चार रंग तसेच ठेवले तर पडद्यावर केशरी रंग कधीकधी विटकरी दिसतो, आणि मग मंडळी म्हणतात, हिला रंगांची जाण नाही.

बाकी मी लेखिकेवर सोडते. तिनं ही प्रस्तावना मागताना एक अट घातली होती, की मी माझंही एक काम पुस्तकातल्या नमुन्यासाठी द्यावं, खाली दोन ओळी लिहून. मी अर्थातच माळ्यावरून काळी पिशवी काढली. रेक्झिन सुटलं होतं, रबर सोल्युशन पिवळं पडलं होतं, पण चहाचं पाकीट जागेवर होतं. खाली लिहिलं: 'चहाचं पाकीट, १९८६. अक्षरं माझी. मांडणी आणि पानाचं चित्र सहकाऱ्याचं.' आणि खातरजमा म्हणून त्या सहकाऱ्याला फोन लावला. तो आता नाशिकला असतो. ओळी वाचून दाखवल्या. तो खूप हसला.

'अगं, वेलांटी?'

'कसली वेलांटी?'

'"तरतरी"ची. तू तापानं घरी होतीस. क्लायंटला ती शिरोरेषेला खेटलेली वाटली, म्हणाला आत्ताच्या आत्ता उचलून द्या. ती मी काढली, रात्री अकरा वाजता.'

मी भिंग घेऊन बसले. माझी सगळी अक्षरं बोरूची, त्यामुळे प्रत्येक फटकाऱ्याचं टोक एकाच तिरक्या कोनात कापल्यासारखं. 'री'च्या वेलांटीचं टोक गोल होतं. ब्रशचं. ज्या वळणाबद्दल मी विद्यार्थ्यांच्या कित्येक बॅचना सांगत आले, ते हे वळण. पुस्तकात ते पाकीट आता या ओळींसह आहे:

'चहाचं पाकीट, १९८६. अक्षरं माझी, बोरूनं. मांडणी, चहाचं पान आणि शेवटची वेलांटी सहकाऱ्याची, वेलांटी ब्रशनं. रंग क्लायंटच्या पत्नीनं निवडलेला.'